न पुसलेली पेटी

सगळं बंदर तिला धास्तीताई म्हणायचं. मागून नव्हे, अगदी तोंडावर. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. घराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची, जिन्यापर्यंत जाऊन परत यायची, पुन्हा ओढायची आणि खाली उतरल्यावर शेजारणीला हाक मारायची, "अहो, माझं कुलूप लागलंय ना हो?" शेजारीण आतूनच, भाजी चिरता चिरता, "लागलंय, लागलंय!" म्हणून ओरडायची. तिने उठून एकदा तरी बघितलं असेल तर शपथ.

लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! आई गेली तेव्हा धास्तीताईचा भाऊ एवढासा होता आणि ती स्वतःच परकर सावरत शाळेत जाणारी. बाप दिवसभर कामावर. भाऊ दुपारी झोपला की ही त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास येतोय का बघायला. श्वास जरा उशिरा आला की त्याला गदागदा हलवून उठवायची, मग तो भोकाड पसरायचा, मग हिला बरं वाटायचं. रडतोय म्हणजे आहे! अशी पोर मोठी झाल्यावर काय बिनधास्त होणार?

आणि त्या भावाने काम कुठलं धरावं? मासेमारीच्या बोटीवर खलाशाचं! जमिनीवरची कामं काय संपली होती? पण नाही. पोरगा हट्टी, हसरा आणि समुद्राचा वेडा. होता होता स्वतःची बोट चालवायला लागला, लग्न केलं, आणि धास्तीताईच्या पोटात जो गोळा आला तो कायमचा मुक्कामाला राहिला.

आता नशिबाची गंमत बघा. ज्या बाईला कुलपाची खात्री नाही, तिला नोकरी मिळाली ती बंदराच्या प्रसारण खोलीत. वादळाचा इशारा बोटींना पाठवायचं काम तिचं. खोली लहान, धक्क्याच्या टोकाला. एका बाजूला यंत्र, समोर समुद्राकडची काच, आणि धक्क्याच्या बाजूला तिकीटघराला असते तशी एक खिडकी.

बोटींवर एकेक पेटी असायची, शिवणाच्या डब्याएवढी. तिला छोटा पडदा, आणि नवा इशारा आला की ती वाजायची. पेटी फक्त ऐकायची, उलट बोलायची नाही. त्यामुळे धास्तीताईने पाठवलेलं कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हे तिला कधीच कळत नसे. दुसरी कुणी असती तर पाठवून मोकळी झाली असती. ही जिवाला खात बसायची.

इशारा एकसंध जात नसे, तुकड्यातुकड्यांनी जायचा. वाऱ्याचा एक तुकडा, लाटांचा एक, कुठल्या वेळी काय होणार याचा एक, आणि सगळ्यात महत्त्वाचा, बोटींनी कुठे जायचं त्याचा. हवेत काय, कुणाचा हा तुकडा गळतो, कुणाचा तो. पूर्वी ती सगळे तुकडे परत परत पाठवत बसायची. पण एकाला वाऱ्याचाच हवा असायचा, दुसऱ्याला लाटांचाच, आणि बाकीच्यांना जे आधीच मिळालंय तेच कानीकपाळी ओरडून सांगण्यात वेळ जायचा. वादळ काही तिच्यासाठी थांबून राहत नाही.

मग एक इंजिनिअर आला. उंच, वाकून चालणारा, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्याने तुकडे एकमेकांत मिसळून पाठवायची पद्धत बसवली.

"ताई, समजा मी दोघांना एकच गोष्ट सांगितली," तो म्हणाला, "की दोन आकड्यांची बेरीज बारा आहे. एकाला फक्त पाच माहीत आहे. त्याने बारातून पाच काढले, त्याला सात मिळाले. दुसऱ्याला फक्त सात माहीत. त्याला पाच मिळाले. मी एकदाच बोललो आणि दोघांची दोन वेगवेगळी कामं झाली. कुणाकडे काय नाही, हे मला माहीत असायची गरजच नाही."

धास्तीताईला हे इतकं आवडलं की ती क्षणभर घाबरायचंच विसरली. मग आठवलं. "आणि पाच आहेत असं ज्याला वाटतंय, त्याच्याकडे खरे चारच असले तर?"

इंजिनिअरने चष्मा वर केला. "तर त्याला आठ मिळतील. आणि आठ चूक आहेत हे त्याला कळणारही नाही. म्हणून तर पेटी पुसून पाठवायची."

तेव्हापासून बंदरावर रीत पडली. निघण्याआधी प्रत्येकाने आपली पेटी खिडकीवर आणायची. पेटीच्या पाठीला एक बारीक भोक होतं. धास्तीताई त्यात तारेचं टोक घालून दाबायची, पडदा कोरा व्हायचा, आधीच्या फेरीतले जुने तुकडे जायचे. कारण तुकड्यांना क्रमांक असायचे, आणि क्रमांक एका ठिकाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, घड्याळाच्या काट्यासारखे. पेटीत जुना तुकडा राहिला, आणि त्याच क्रमांकाचा नवा आला, तर पेटी बिचारी जुन्यालाच आपला समजणार.

खिडकीवर पेटी पुसून व्हायला वेळ लागायचा नाही. वेळ लागायचा तो धास्तीताईच्या बोलण्याला. "आभाळ बघितलंस का? बायको काय म्हणाली? उद्या गेलास तर नाही चालणार?" बाकीचे खलाशी हसून निघून जायचे. पण भावाची पाळी आली की तिचे डोळे भरायचे, पेटी हातातून सुटायची नाही. "नको ना रे जाऊस आज." मागे रांग, रांगेतले खोकायचे, भाऊ कानापर्यंत लाल व्हायचा. "ताई, सोड ना. लोक बघतायत."

भावाच्या बोटीचा तळ गळायला लागला तेव्हा बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढून घेतली. काम बरेच दिवस रेंगाळलं. धास्तीताईच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. भाऊ रोज संध्याकाळी घरी, डोळ्यांसमोर. पेटी त्याच्या घरी फळीवर पडून होती. बोट शेवटची परतली तीही वादळाच्या इशाऱ्यावरच परतली होती. तो सगळा इशारा तसाच पेटीच्या पोटात होता, आणि तो सांगत होता, बंदरात या.

एके दिवशी सकाळी बोट दुरुस्त होऊन पाण्यात उतरली आणि दुपारपर्यंत समुद्रात दिसेनाशी झाली. धास्तीताईला पत्ताच नाही. ती यंत्रापुढे बसून होती, कारण हवामानवाल्यांकडून बातमी आली होती आणि वाईट होती. वारा उलटा फिरणार होता. असा वारा आला की बंदराच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर, लाटा उभ्याच्या उभ्या फुटतात. आत शिरणाऱ्या बोटीचं खेळणं होतं. म्हणून आजचा हुकूम वेगळा होता: बंदराकडे फिरकू नका, उत्तरेच्या खाडीत जा.

तिने तुकडे पाठवायला घेतले. आधी सुटे, मग मिसळलेले. काचेबाहेर पाणी शिशासारखं झालं होतं. शेजारच्या टेबलावर बंदराचे साहेब फोनवर फोन घेत होते.

तेवढ्यात भावजय डबा घेऊन आली. खिडकीतून डबा आत सरकवत म्हणाली, "वन्सं, जेवून घ्या. आणि रागावू नका हं. हे गेले सकाळीच."

"गेला? कुठे गेला?"

"बोटीवर. तुमच्या खिडकीवर यायचं टाळलं त्यांनी. म्हणाले, ताईचं तोंड बघितलं की पाय निघत नाही. आज पहिली फेरी आहे, रडारड नको."

"आणि पेटी?"

"नेलीय की. फळीवरची घेतली आणि तशीच घेऊन गेले."

धास्तीताईच्या तोंडचं पाणी पळालं. आधी तिला नीट कळलंच नाही. मग कळायला लागलं. तिने यंत्रावरचे आजचे क्रमांक बघितले. जुन्या इशाऱ्याचे क्रमांक काढून बघितले. बाकीचे वेगळे होते, पण कुठे जायचं या तुकड्याचा क्रमांक फिरून बरोब्बर जुन्यावरच आला होता.

म्हणजे ती मिसळून जे पाठवत होती, त्यातून भावाची पेटी जुना तुकडा वजा करणार, आणि उरेल ते खरं मानणार. बरं, उरेल ते वेडंवाकडं तरी दिसेल? तेही नाही. इशाऱ्यांचा साचा एकच असायचा, फरक असायचा तो दिशेत आणि ठिकाणात. चुकीचा इशारासुद्धा अगदी शहाण्यासारखा दिसणार. आणि कुठे जायचं हा तुकडा सुटा पाठवला तरी पेटी म्हणणार, हा आहे माझ्याकडे, आणि नवा दारातूनच परत लावणार. त्या पेटीच्या पडद्यावर वारा आजचा असेल, धोका आजचा असेल आणि शेवटी लिहिलेलं असेल, बंदरात या.

ती साहेबांकडे वळली. "साहेब, माझा भाऊ मरतोय."

साहेब तसे माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि इंजिनिअरला फोन लावून तिच्या हातात दिला. इंजिनिअरने एका दमात ओळखलं. 

"उपाय आहे," तो म्हणाला. "क्रमांक सोडून द्या, पुढे मोठी उडी मारा आणि अख्खा इशारा नव्या क्रमांकांनी पाठवा. त्याच्या पेटीत त्या क्रमांकांचं काहीच नसेल, तेव्हा बरोबर घेईल. पण ताई, आत्ता नाही. बाकीच्या पेट्यांनी अर्धाअधिक इशारा जमवलाय. आत्ता क्रमांक बदलले तर त्या जमवलेलं टाकून देतील आणि पहिल्यापासून सुरू करतील."

तिने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नजर चुकवली नाही. "हा फेरा आधी पुरा करा," ते म्हणाले. "सगळ्या बोटी बाहेर आहेत. त्यांच्यावरही कुणाची तरी भावंडं आहेत."

खरं होतं. म्हणूनच तिला त्यांच्यावर चिडताही येईना. चिडली असती तर थोडं हलकं तरी वाटलं असतं.

ती परत यंत्रापुढे बसली. तुकडा उचलायचा, दुसऱ्यात मिसळायचा, पाठवायचा. प्रत्येक वेळी बोट बटणावर ठेवताना तिला ठाऊक होतं, हे बाकी सगळ्यांना वाचवतंय आणि माझ्या माणसाला बुडवतंय. आपल्याच हाताने! दुसरं कुणी बसायला असतं तर ती उठली असती का? कोण जाणे. कुणी नव्हतं.  हात थांबला नाही, आणि तो थांबत नाही याचीच तिला भीती वाटायला लागली.

भावजय खिडकीबाहेर उभी राहून फोन लावत होती. आधी लागतच नव्हता. मग एकदम रिंग जायला लागली आणि ती किंचाळली, "वन्सं, वाजतोय!"

वाजतोय म्हणजे बोट किनाऱ्याच्या टप्प्यात आली. म्हणजे ती खाडीकडे गेली नाही, इकडे यायला निघाली. दोघींना हे एकाच वेळी कळलं आणि भावजय मटकन धक्क्यावर बसली. फोन नुसता वाजत राहिला. इंजिनाच्या धडधडीत आणि त्या वाऱ्यात कोण ऐकणार?

फेरा संपला. धास्तीताईने क्रमांक बदलले. घाईत पहिल्यांदा चुकीचा आकडा पडला, तो पुसावा लागला. नवा इशारा सुरू झाला. आणि तेव्हाच समोरच्या काचेतून तिला बोट दिसली.

नवा रंग लावलेली, ओळखू न येण्याचा प्रश्नच नव्हता. लाटेवर चढायची, दिसायची, मग खाली जायची आणि दिसेनाशी व्हायची. प्रत्येक वेळी ती खाली गेली की धास्तीताई श्वास धरायची. बोटीचं तोंड थेट बंदराकडे होतं. वाळूच्या दांड्यावर पांढरा फेस उसळत होता, आणि भाऊ येत होता, नेमका तिथेच.

धक्क्यावर माणसं धावली. कुणी शर्ट काढून हलवायला लागलं, कुणी गोणपाट. मागे जा, मागे जा! पण लांबून हात हलवणारी माणसं कशी दिसतात? या या म्हणणारीच दिसतात. बोटीवरून कुणीतरी उलट हात हलवला. धास्तीताईला तो दिसला. तिच्या तोंडून आवाज निघाला तो साहेबांनी आधी कधी ऐकला नव्हता.

काचेकडे पाठ करावी असं तिला वाटलं. केली नाही. एक डोळा बोटीवर, एक यंत्रावर. वाऱ्याचा तुकडा गेला. लाटांचा गेला. खाडीचा गेला, परत गेला. मिसळलेले गेले. त्याला कुठला मिळाला, कुठला गळला, काही कळायचा मार्ग नाही. पेटी बोलत नाही. आयुष्यभर ती ज्याच्या नाकाशी बोट धरून बसली होती, त्याचा श्वास आज तिला लागत नव्हता. "घे रे," ती यंत्राला सांगत होती, "घे रे बाळा, एकदा तरी ऐक माझं."

बोट फेसाच्या अलीकडे आली. एक लाट तिच्या मागून उठली आणि तिला उचलून पुढे ढकलून गेली. धक्क्यावरची माणसं ओरडायची थांबली. 

आणि बोटीचं नाक हललं. आधी वाटलं, लाटेनेच हलवलं. मग ते फिरत गेलं, सावकाश, इतकं सावकाश की बघवेना. बोट लाटेला आडवी आली, कलली, तिचा तळ दिसला, नव्या फळ्या दिसल्या, आता गेली असंच सगळ्यांना वाटलं. मग ती सरळ झाली आणि उत्तरेकडे तोंड करून चालायला लागली.

साहेब म्हणाले, "मिळाला." धास्तीताईला ते ऐकू आलं नाही. ती पाठवतच राहिली. खाडीवरून फोन येऊन सगळ्या बोटी पोहोचल्या, तुमच्या भावाचीही, असं कळेपर्यंत तिने बटणावरचं बोट काढलं नाही. मग साहेबांनीच ते धरून बाजूला केलं.

वादळ ओसरल्यावर भाऊ घरी आला. जेवताना त्याने हसत हसतच सांगितलं. पेटी दांड्यापाशी एकदम ओरडायला लागली. तो वैतागून तिच्यावर टॉवेल टाकणार होता. बोटीवरचा म्हातारा खलाशी म्हणाला, अरे, बघ तरी काय म्हणतेय. बघितलं तर पडद्यावर खाली खाडी. वर आधीचं बंदर आणि खाली खाडी! "मला वाटलं, ताई घाबरून काहीतरी वेड्यासारखं पाठवतेय," तो म्हणाला. "म्हाताऱ्याने सुकाणू फिरवलं म्हणून. मी तर आतच येणार होतो."

सगळे हसले. भावजय हसता हसता रडली. धास्तीताई ताटाकडे बघत होती. तिला एक गोष्ट कळली होती, आणि ती वादळापेक्षा भयंकर होती. त्याला पेटीने फसवलं नव्हतं, क्रमांकांनी नव्हतं. तो खिडकीवर आला नाही, कारण खिडकीत ती होती. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला घाबरून तो पळाला होता. तिची भीती त्याला आजवर राखत आली, असं ती समजत होती. त्या भीतीनेच त्याला दांड्यावर आणून उभं केलं होतं.

इंजिनिअर येऊन गेला. चूक माझी, म्हणाला. सोडवलेल्या तुकड्याची खातरजमा पेटीने करायला हवी होती, ती सोय मी ठेवली नव्हती. तो ती बसवणार होता, पण पेट्या बऱ्याच, वेळ लागणार होता. तोवर खिडकी, तार आणि पेटीच्या पाठीचं भोक. म्हणजे प्रत्येकाने खिडकीवर यायलाच हवं. भावानेही.

समुद्र निवळला तशी सकाळी रांग लागली. धास्तीताईने एकेक पेटी घेतली, पुसली, परत दिली. भाऊ आला. पेटी खिडकीच्या फळीवर ठेवून खाली मान घालून उभा राहिला, ओरडा खायच्या तयारीने.

तिने पेटी उलटी केली. तार भोकात घातली. पडदा कोरा झाला का ते बघितलं, दोनदा बघितलं. पेटी त्याच्याकडे सरकवली आणि हात काढून घेतला. फळीखाली तिने एक पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवला होता, उठून त्याला धरू नये म्हणून.

"डबा घेतलास?" तिने विचारलं.

"घेतला." तो तिथेच उभा राहिला. मागच्याने ढोसलं तरी हलला नाही. वर बघून, जरा गोंधळून, लहानपणी विचारायचा तसं त्याने विचारलं, "ताई, जाऊ ना मी?"

रांगेतले सगळे ऐकत होते. नको जाऊस, हे शब्द तिच्या जिभेवर आले. तिने ते गिळले.

"जा," ती म्हणाली आणि हसली. "आणि पुढच्या वेळीही इकडूनच जा."